‘क्लिअर’ या शब्दाचे दोन अर्थ आणि सिस्टरना बसलेला शॉक

मला या प्रकरणात बोलावलं ते घटनेनंतर तिसऱ्या दिवशी, आणि प्रश्न एवढाच होता: “डिफिब्रिलेटर (बिघडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) लीक होतोय का, बघाल का?” मी भूलतज्ज्ञ आहे आणि रुग्णालयांत सीपीआरचं प्रशिक्षण देते. यंत्र तपासणं हे बायोमेडिकल इंजिनिअरचं काम. ते त्यांनी माझ्या आधीच केलं होतं आणि यंत्रात दोष सापडला नव्हता. तरीही सिस्टरना शॉक बसला होता, यात शंका नव्हती. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर तांदळाएवढे लाल डाग होते. म्हणून मी यंत्राकडे न बघता त्या पहाटेची ती सव्वासहा मिनिटं पुन्हा उभी करायचं ठरवलं.

घडलं ते

मेडिकल वॉर्ड, पहाटेचे पावणेपाच. दोन दिवसांपूर्वी हार्ट अटॅक येऊन दाखल झालेले, साठीच्या आतले एक गृहस्थ. मॉनिटरवर अचानक व्हीएफ दिसलं, म्हणजे हृदयाचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले. ड्यूटीवरचे रेसिडेंट डॉक्टर अर्ध्या मिनिटात पोहोचले. इंटर्नने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, एका सिस्टरनी क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या सामानाची गाडी आणली, दुसऱ्या सिस्टरनी छातीला शॉकचे चिकट पॅड लावले. वॉर्डमधले मामा (वॉर्डबॉय) ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, आणि ऑक्सिजन सांभाळत होते. माणसं पुरेशी होती, उशीर झाला नव्हता, यंत्र चार्ज केलेलं होतं. एरवी अशा घटनांत कुठेतरी सैलपणा सापडतो. इथे प्रत्येक जण जीव तोडून काम करत होता, आणि हे आधीच सांगते, कारण पुढे जे येतं ते कुणाच्या हलगर्जीची गोष्ट नाही.

पहिला २०० ज्यूलचा शॉक दिला गेला. व्हीएफ गेलं नाही. पुन्हा दोन मिनिटं दाब. रुग्ण घामाने निथळत होता, त्यामुळे डाव्या काखेखालचा पॅड कडेने सुटू लागला. सिस्टरनी तो डाव्या हाताच्या बोटांनी दाबून धरला. त्याच वेळी रुग्णाच्या उजव्या कोपराशी लावलेली सुई निघायला आली होती, ती त्यांनी खाटेवर ओणवून उजव्या हाताने धरून ठेवली. हातात नेहमीचे तपासणीचे मोजे, सलाइनने ओले झालेले. डॉक्टर “क्लिअर”, म्हणजे बाजूला व्हा, असं म्हणाले, इंटर्नने हात उचलले, बटण दाबलं गेलं. सिस्टर किंचाळून मागे फेकल्या गेल्या आणि कार्टवर आदळल्या.

त्या शुद्धीवर होत्या. दोन्ही दंडांत जोराचा हिसका, बोटांत झिणझिण्या, छातीत धडधड. खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष साहजिकच त्यांच्याकडे गेलं. रुग्णाच्या छातीवर पुन्हा हात पडायला ११ सेकंद गेले. तिसऱ्या शॉकनंतर नाडी परत आली, रुग्ण आयसीयूत गेला, आणि तिसऱ्या दिवशी वारला. त्याचं हृदय मुळातच फार खराब झालेलं होतं. एका रुग्णावरून अमुक सेकंदांमुळे तमुक झालं असं म्हणता येत नाही, आणि मी म्हणणारही नाही.

सिस्टरांना मात्र त्या पहाटे कुणी तपासलं नाही. “काही झालं नाही ना? मग बसा जरा,” एवढंच. ड्यूटी संपेपर्यंत त्यांनी काम केलं. ईसीजी निघाला तो दुसऱ्या दिवशी, त्यांच्या नवऱ्याने आग्रह धरला म्हणून. सुदैवाने तो नॉर्मल होता. घटनेचा लेखी अहवालही तेव्हाच भरला गेला. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपलं ते हे. ज्या वॉर्डात पाच पावलांवर ईसीजीचं यंत्र आहे, तिथे काम करणाऱ्या बाईला शॉक बसल्यावर ते यंत्र तिच्यासाठी वापरायचं कुणाला सुचलं नाही, तिला स्वतःलाही नाही.

तीन तयार उत्तरं

मी पोहोचेपर्यंत वॉर्डात तीन कारणं पक्की झाली होती. मामांच्या मते लोखंडी खाट. रेसिडेंटच्या मते यंत्र. आणि वरिष्ठांच्या मते, हळू आवाजात, सिस्टरच: क्लिअर म्हटल्यावर हात काढायला नको?

खाटेचं उत्तर सगळ्यांना पटतं, कारण विजेचा धक्का म्हटला की आपल्याला भिंतीतली वीज आठवते. ती वीज जमिनीशी बांधलेली असते. तारेला हात लागला आणि पाय जमिनीवर असले की वाट पूर्ण होते. डिफिब्रिलेटरचं तसं नाही. त्याच्या आत कपॅसिटर असतो, तो चार्ज होतो आणि मग दोन पॅडमधून रिकामा होतो. हे पॅडचं मंडल जमिनीपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. एका पॅडमधून निघालेल्या प्रवाहाला जमिनीकडे जाण्यात काही मिळत नाही, त्याला दुसऱ्या पॅडकडे परतायचं असतं. त्यामुळे लोखंडी खाट, ओलसर फरशी यांची जी भीती घेतली जाते ती बहुतेक वेळा अवाजवी आहे. रुग्ण पाण्याच्या थारोळ्यात असेल तर त्याला बाजूला घ्यावं, छाती पुसावी, हे बरोबरच. पण खाट लोखंडी आहे म्हणून शॉक थांबवू नये.

यंत्राचं उत्तर इंजिनिअरने निकालात काढलं होतं. तपासणी उपकरणावर ५० ओहमच्या भारावर यंत्र ठरलेल्या मर्यादेत ऊर्जा देत होतं, गळती प्रवाहही मर्यादेत होता.

मग प्रवाह सिस्टरांपर्यंत गेला कसा? यासाठी रुग्णाच्या शरीराकडे एका उतारासारखं बघावं लागतं. शॉकच्या क्षणी दोन पॅडमध्ये, यंत्राच्या रचनेप्रमाणे, हजार ते दोन हजार व्होल्टचा दाब असतो. छातीचा विद्युतरोध साधारण ७० ते ८० ओहम, त्यामुळे काही मिलिसेकंद वीस अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. हा दाब दोन पॅडच्या मध्ये उतरत जातो, डोंगराच्या उतारासारखा. उजव्या कॉलरबोनखालचा पॅड म्हणजे माथा धरला तर डाव्या काखेखालचा पॅड म्हणजे पायथा. या उतारावर एकाच जागी हात ठेवलेल्या माणसाला सहसा फारसं काही जाणवत नाही. पण एक हात वरच्या बाजूला आणि दुसरा खालच्या बाजूला ठेवला, तर त्या दोन हातांमध्ये शेकडो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि माणूस प्रवाहाची दुसरी वाट बनतो.

सिस्टरांचा डावा हात पॅडच्या अगदी कडेला होता, म्हणजे पायथ्याशी. उजवा हात रुग्णाच्या उजव्या बाहूवर, जो वरच्या पॅडच्या बाजूचा. प्रवाह एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडला, म्हणजे वाटेत त्यांची छाती आली. समजा दोन हातांमधला फरक ५०० व्होल्टचा होता आणि ओले मोजे धरून त्यांच्या अंगाचा एकूण रोध ५००० ओहम होता, तर प्रवाह निघतो १०० मिलिअँपिअर. हा हिशोब फक्त अंदाज यावा म्हणून मांडतेय. भिंतीतल्या विजेचा अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाहही हाताला जाणवू लागतो, यावरून हिसका किती बसला असेल ते कळेल.

त्यांचा जीव कशामुळे वाचला? काळामुळे. शॉक दहा-वीस मिलिसेकंदांत संपतो. इतक्या थोड्या वेळात निरोगी हृदय बिघडवायला याहून बराच जास्त प्रवाह लागतो. शॉक देताना मदत करणाऱ्यांना इजा झाल्याच्या ज्या नोंदी आजवर प्रसिद्ध झाल्या आहेत त्या थोड्या आहेत, आणि त्यांत मुख्यतः झिणझिण्या, वेदना, किरकोळ भाजणं एवढंच आहे. तरीही हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात, ईसीजीवरच्या टी लहरीच्या आसपास, एक नाजूक क्षण असतो आणि त्या क्षणी आलेला धक्का धोकादायक ठरू शकतो. म्हणून “घाबरू नका” आणि “चालतं” या दोन वाक्यांत मी फरक करते. पहिलं मी सिस्टरांना म्हणाले. दुसरं कुणालाही म्हणणार नाही.

उरलं तिसरं उत्तर. क्लिअर म्हटल्यावर हात का काढला नाही?

यंत्राची नोंद

आधुनिक डिफिब्रिलेटर सगळं लिहून ठेवतो: चार्ज केव्हा सुरू झाला, केव्हा पूर्ण झाला, बटण केव्हा दाबलं. छातीवरच्या दाबांच्या लहरीही ईसीजीवर दिसतात, त्यामुळे दाब थांबल्यापासून शॉकपर्यंत किती वेळ गेला हे मोजता येतं. पहिल्या शॉकआधीचा विराम १७ सेकंद. दुसऱ्या आधी ६ सेकंद. तिसऱ्या आधी २९.

मी हे आकडे बराच वेळ बघत बसले. सिस्टरांना शॉक बसला तो नेमका सर्वांत छोट्या, म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत चांगल्या विरामात.

मग मी चौघांशी वेगवेगळं बोलले. “क्लिअर ऐकू आलं का?” चौघांनीही हो म्हटलं. सिस्टरांनीही. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, “मॅडम, मला वाटलं वेळ आहे. पहिल्यांदा सर क्लिअर म्हणाले, मग मशीन चार्ज झालं, मग शॉक. मी म्हटलं तेवढ्यात सुईवर चिकटपट्टी लावून होईल.”

इथे गाठ सुटली. पहिल्या शॉकला डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने काम केलं होतं: आधी सगळ्यांना बाजूला करायचं, मग चार्ज, मग शॉक. क्लिअर आणि बटण यांच्यात सात-आठ सेकंद होते. दुसऱ्या वेळी त्यांना महिन्यापूर्वीचं प्रशिक्षण आठवलं. त्यांनी दाब चालू असतानाच यंत्र चार्ज केलं, मग क्लिअर म्हटलं आणि लगेच बटण दाबलं. त्यांनी केलं ते रुग्णासाठी अगदी योग्य होतं. पण शब्द तोच राहिला. पहिल्यांदा त्याचा अर्थ होता “आता चार्ज करतोय”, दुसऱ्यांदा “आता दाबतोय”. जुन्या पद्धतीतल्या वाया जाणाऱ्या सेकंदांत मदत करणाऱ्यांना हात काढायला नकळत सवड मिळत होती. ती सवड गेली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं गेलं नाही. शिवाय शब्द उच्चारताना डॉक्टरांचे डोळे पडद्यावर होते. ते मला म्हणाले, “मी व्हीएफच आहे ना ते बघत होतो.” तोंड माणसांशी बोलत होतं आणि नजर यंत्राशी.

वॉर्डाने यातून जो धडा घेतला तो उलटा होता: घाई केली म्हणून शॉक बसला, यापुढे सावकाश. तिसऱ्या शॉकआधीचे २९ सेकंद हा तोच धडा होता, तिथल्या तिथे अमलात आणलेला. चारचारदा विचारून, सगळे भिंतीला टेकून.

हे का चालत नाही, ते सांगायला हवं. छातीवरचा दाब थांबला की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा दाब काही सेकंदांत कोसळतो आणि पुन्हा उभा राहायला बरेच दाब द्यावे लागतात. उपाशी स्नायूवर शॉक टाकला तर तो कमी वेळा लागू पडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात शॉकआधीचा विराम दर ५ सेकंदांनी वाढला की जगण्याची शक्यता १८ टक्क्यांनी घटलेली दिसली. युरोपीय मार्गदर्शक सूचना हा विराम ५ सेकंदांच्या आत ठेवायला सांगतात. म्हणजे मदत करणाऱ्याची सुरक्षा रुग्णाच्या सेकंदांतून विकत घ्यायची नाही. ती हालचालींच्या क्रमातून मिळवायची.

मोज्यांचा प्रश्न

सिस्टरांनीच मला विचारलं: मोजे घातलेलेच असतात, तर हात काढायचेच कशाला? दाब चालूच ठेवले तर विरामच नाही. हा प्रश्न भाबडा नाही, जगभर यावर काम झालं आहे. २००८ साली एका अभ्यासात, ठरवून दिल्या जाणाऱ्या ४३ शॉकच्या वेळी मोजे घातलेल्या मदतनिसाचा हात रुग्णाच्या छातीवर दाबून ठेवला आणि त्याच्यातून जाणारा प्रवाह मोजला. सरासरी २८३ मायक्रोअँपिअर, जास्तीत जास्त ९०७. मदतनिसांना काही जाणवलं नाही. तेव्हा अनेकांना वाटलं की प्रश्न सुटला. पण पुढे मोज्यांचीच चाचणी झाली तेव्हा दिसलं की तपासणीचे मोजे विजेसाठी बनवलेलेच नाहीत. कुठला मोजा किती व्होल्टला दगा देईल याचा नेम नाही, त्यात बारीक छिद्रं असू शकतात, आणि बराच वेळ वापरून घाम, सलाइन लागल्यावर तो आणखी बेभरवशाचा होतो. वीज कामगारांचे जाड रबरी मोजे घालून केलेले प्रयोग जास्त आशादायक आहेत, पण ते रोजच्या वापरात आलेले नाहीत. तेव्हा सध्या उत्तर एकच: मोजा संसर्गापासून वाचवतो, शॉकपासून वाचवेल असं धरू नका.

जाता जाता एक गोष्ट, जी मला नेहमी हलवते. हा सगळा खटाटोप सुरू झाला तोच विजेने मरणाऱ्या माणसांमुळे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते. तारांवर काम करणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंमुळे ते या संशोधनात आले. छातीवर जड पॅडल दाबल्यावर रक्तदाब हलतो हे त्यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं, आणि १९६० साली जूड व निकरबॉकर यांच्यासह त्यांनी बाहेरून छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शॉक आणि दाब ही जोडी एकाच घरात जन्मली आहे.

न विचारलेली गोष्ट

चौकशीत एक गोष्ट अशी सापडली जी कुणी सांगितलीच नव्हती, कारण तिच्यातून काही घडलं नव्हतं. दुसऱ्या शॉकच्या वेळी मामा हात वर करून मागे सरकले, अगदी नियमाप्रमाणे. पण ॲम्बू बॅगचा मास्क त्यांनी उशीवर ठेवला आणि ऑक्सिजन सुरूच होता. रुग्णाच्या खांद्याशी ऑक्सिजन साचत होता आणि फूटभर अंतरावर एक पॅड अर्धवट सुटलेला.

पॅड नीट चिकटलेला असतो तेव्हा प्रवाह त्वचेत शांतपणे शिरतो. पॅड आणि त्वचा यांच्यात फट असली की ठिणगी उडू शकते. ऑक्सिजनने भरलेल्या हवेत, चादर-उशीच्या सान्निध्यात त्या ठिणगीने आग लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून मास्क छातीपासून निदान एक मीटर दूर न्यायचा असतो. घशात नळी घालून तिला बॅग जोडलेली असेल तर ती तशीच राहू द्यावी. सैल मास्कचा धोका वेगळा. मला विचाराल तर त्या पहाटेचा खरा मोठा अपघात हा होता, जो झाला नाही. आणि दोन्हींचं मूळ एकच: घामेजलेल्या छातीवर न पुसता लावलेला पॅड. तो नीट चिकटला असता तर सिस्टरांचा हात तिथे गेलाच नसता.

बदललं ते

क्रॅश कार्टच्या पहिल्या कप्प्यात, पॅडच्या पाकिटालाच बांधून, टॉवेल आणि रेझर ठेवला. पुसल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही.

“क्लिअर” हा शब्द वॉर्डाने सोडला. मी सुचवलं नव्हतं, सिस्टरांनी सुचवलं. आता तीन वेगळी वाक्यं आहेत. “चार्ज करतोय, दाब चालू, बाकीचे मागे.” या वाक्यावर दाब देणाऱ्याशिवाय सगळे दूर होतात, मास्क दूर जातो. यंत्र चार्ज होईपर्यंत छातीवर दोनच हात असतात आणि बघायलाही दोनच हात उरतात. मग “हात वर”. दाब देणारा तळवे खांद्याच्या उंचीला नेतो, ते सगळ्यांना दिसतात. बटण दाबणारा पडद्याकडे नाही, रुग्णाकडे बघतो, डोक्यापासून पायापर्यंत, आणि “शॉक” म्हणून दाबतो. कुणाचा हात दिसला तर बोट बटणावरून काढायचं. चार्ज वाया गेला तरी हरकत नाही, यंत्र तो आतल्या आत जिरवून टाकतं.

पहिल्या मॉक ड्रिलला विराम १४ सेकंद आला. सगळे घाबरलेले होते आणि रेसिडेंट सर्वांत जास्त. त्यांनी सिस्टरांची माफी मागितली होती, त्यांनी ती मनापासून स्वीकारलीही होती, तरी बटणाशी त्यांचं बोट थरथरायचं. मी त्यांना दाब द्यायला लावलं आणि बटण सिस्टरांच्या हाती दिलं. पहिल्या दोन वेळा त्यांनी नकार दिला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “मॅडम, बटण नको. मी बघते. कुणाचा हात आहे ते मी सांगते.” तेव्हापासून बटणवाल्याच्या जोडीला, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून फक्त बघणारा एक माणूस ठरला. माणसं असतील तेव्हा. सहाव्या ड्रिलला विराम ४ सेकंदांवर आला.

पाच आठवड्यांनी त्याच वॉर्डात खरी वेळ आली. यंत्राची नोंद मी मागवून घेतली. तीन शॉक, विराम ५, ११ आणि ४ सेकंद. मधला आकडा बघून मी रेसिडेंटना फोन केला. ते म्हणाले, नवीन आलेल्या विद्यार्थ्याने मांडीत नाडी शोधायला बोटं ठेवली होती, आणि “हात वर” म्हटल्यावरही ती तिथेच होती. खाटेच्या पायथ्याशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी “थांबा” म्हटलं, बोट बटणावरून निघालं, विद्यार्थी मागे झाला, आणि मग शॉक गेला.